हौस आणि चैन: हिंदीत कसं सांगू?

इंदूरकर: बाबांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. त्यांची वाक्यं पुस्तिकेत छापतोय, मराठीत आणि हिंदीत, कारण घरातल्या दोन्ही सुना हिंदीभाषक. एका वाक्यावर अडलेय: "हौस करावी, चैन करू नये." हिंदीत 'चैन' म्हणजे निवांतपणा. धाकट्या वहिनीने विचारलंच, "बाबूजी आराम करने को मना करते हैं क्या?" 'हौस'चं मूळ 'हवस'च, पण हिंदीत तो शब्द छापायची सोय नाही.

बाबा क्लॉथ मार्केटात मुनिमी करायचे. एक तारखेला वहीत दूध, वाणी, भाडं, फी, आणि पाचवी ओळ 'हौस: 20 रु.' त्या विसात आम्ही पाचजण सराफ्यात जायचो. सोन्याचांदीची दुकानं मिटली की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. बाबा किसाचे दोन द्रोण घ्यायचे आणि चमचे पाच मागायचे.

पुणेकर: 'शौक करो, ऐश मत करो' लिहा. पण मुळात अरबी-फारसी 'हौस' कशाला? 'आवड' आहे की. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश याचसाठी करवून घेतला.

ग्वाल्हेरकर: तो दरबारी शब्दांचा, काका. स्वयंपाकघरातली हौस कोणी हाकलली नाही. आवडीने घेतलेली साडी आणि हौसेने घेतलेली साडी एकच का? आवड मनात राहिली तरी चालतं, हौस पुरवावी लागते. आणि 'जिवाला चैन पडत नाही' म्हणतो तेव्हा मराठीतही तो हिंदीतला निवांतपणा आहेच. आमच्या घरी दोन्ही चैन नांदतात.

बडोदेकर: आमची शेजारीण 'होंशे होंशे' जेवायला वाढते. मला ती आपल्याच हौसेची बहीण वाटते. 'चैन'ला गुजराती 'मोजशोख' जवळचा. पण वाक्यच खटकतंय. हौसेला मोल नसतं ना? बाबांनी तर मोल लावलं. माझी आजी म्हणायची, आकडा घातला की हौस संपली, खर्च उरला.

इंदूरकर: मला नाही पटत. आकडा नसता तर ते 20 रुपये वाण्याच्या उधारीत गेले असते आणि आम्हाला सराफा दिसलाच नसता. बाबा म्हणतात, "जी वहीत लिहिता येते ती हौस. लिहिताना हात अडतो ती चैन."

पुणेकर: हा अर्थ बाबांचा. कोशातला नव्हे.

ग्वाल्हेरकर: कोश मागून येतो. हौशी नाटकवाले पदरचे पैसे घालून तालमी करतात. घरचे म्हणतात चैन, ते म्हणतात हौस. शब्द कोणाच्या तोंडी आहे ते बघा. जत्रेतल्या हौसे, नवसे, गवश्यांत हौश्यांचा मान पहिला!

बडोदेकर: गवसे म्हणजे नेमके कोण? आमच्याकडे सरळ चोरच म्हणतात.

पुणेकर: काही गवसतंय का बघत फिरणारे. सगळेच चोर नव्हेत.

ग्वाल्हेरकर: आमच्या आईच्या लेखी खिसेकापूच.

बडोदेकर: असो. ताई, तो 20 चा आकडा पुढे वाढला का?

इंदूरकर: मी दहावी झाले त्या जूनमध्ये 30 झाला. आत्ता वही काढून पाहिली. त्याच पानावर पान-तंबाखूपुढे नुसती रेघ आहे.

पुणेकर: मग पान-तंबाखू हौस की चैन?

इंदूरकर: ते त्यांनी 'किरकोळ'खाली लिहिलंय.