क्लाउडला मराठीत नक्की काय म्हणायचं? ढग कुठेच बसत नाहीये

दादर_स्लो:
नमस्कार मंडळी, डोक्याला शॉट झालाय म्हणून इथे विचारतेय. मी सबटायटलचं भाषांतर करते, घरूनच, आणि सध्या हातात असलेल्या सिरीजच्या एकाच भागात क्लाउड हा शब्द पाच वेळा आलाय आणि पाचही वेळा अर्थ वेगळा. साहेबावर अफरातफरीचा संशय आहे तर तो अंडर अ क्लाउड, त्याच्या असिस्टंटला प्रमोशन मिळालं तर ती क्लाउड नाइनवर, फायली क्लाउडवर, साहेबाच्या म्हाताऱ्या आईला सगळं क्लाउडी दिसतंय आणि राहिला तो खिडकीतून दिसणारा खराखुरा ढग, त्याचं काही टेन्शन नाही. माझ्याआधी कुणीतरी मशीनमधून कच्चा ड्राफ्ट काढून ठेवलाय, त्यात "साहेब ढगाखाली आहेत" असं आहे, ते मी मोठ्याने वाचलं तर आई म्हणाली ढगाखाली आपण सगळेच आहोत, जून चालू आहे. आणि "ती नवव्या ढगावर आहे" हे वाचून तर... आपल्याकडे कुणी ढगात गेलं म्हटलं की लोक सुतक किती दिवसांचं ते विचारतात!
तर प्रश्न असा की आपल्या ढगाला असे आडवेतिडवे अर्थच नाहीत का? मंगळवारपर्यंत द्यायचंय.

बोरिवली_फास्ट:
साहेब संशयाच्या भोवऱ्यात, असिस्टंटला आभाळ ठेंगणं झालं, फायली क्लाउडवर, म्हातारीला धुरकट दिसतंय. झालं की काम. क्लाउडचं मेघ वगैरे करू नकोस प्लीज, केंद्र सरकारने आपल्या क्लाउडचं नाव मेघराज ठेवलंय ते ठीक आहे पण ऑफिसात कुणी "फाइल मेघावर टाक रे" म्हणत नाही.

दादर_स्लो:
धुरकट लिहिलेलं, पण धुरकट म्हटलं की चूल पेटल्यासारखं वाटतं. बाकीचं घेते, थँक्यू.

मुगभाटातले_आजोबा:
ताई, भोवरा बरोबर आहे. गंमत बघा, इंग्रजीत संशय डोक्यावर येऊन उभा राहतो आणि आपल्याकडे पायाखालून ओढतो. "संशयाचे ढग" असंही पेपरात छापून येतं आणि "युद्धाचे ढग" तर दर दोन दिवसांनी दाटलेले असतात, पण तो इंग्रजी मथळ्यांवरून उचललेला माल आहे असं माझं मत, कुणाला पटो न पटो. कारण आपल्याकडे ढग हा मुळात वाईट नाहीच. संस्कृतातली त्याची नावं बघा, जलद, अंबुद, वारिद, पयोद, सगळ्यांच्या शेवटी तो "द" म्हणजे देणारा. ज्याची वाट बघत माणूस बांधावर उभा राहतो त्याला संकट कोण म्हणेल? लंडनच्या माणसाला ढग म्हणजे सुट्टी वाया गेली. फार तर आपण "गर्जेल तो पडेल काय" म्हणून त्याला बडबड्या ठरवतो, तेवढ्यावरच.
आता आभाळ घ्या. हा शब्द आला अभ्र वरून आणि अभ्र म्हणजे ढग. अजून "आभाळ आलंय" म्हणतो तेव्हा आपण ढगच म्हणत असतो, पण "आभाळ फाटलं" म्हणतो तेव्हा ते आकाश झालेलं असतं. निरभ्र म्हणजे अभ्र नसलेलं, म्हणजे "निरभ्र आभाळ" याचा अर्थ शब्दशः बघायला गेलं तर ढग नसलेला ढग! आणि इंग्रजीची फजिती हीच, त्यांचा स्काय हा जुन्या नॉर्स भाषेतला, तिथे त्याचा अर्थ ढग. मग ढगाला शब्द कुठून आणला? क्लाउड म्हणजे पूर्वी दगड, टेकाड. १३०० च्या आसपास ढगांचे ढीग बघून लोकांना टेकड्या आठवल्या असणार. पुढे १८०२ साली ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या औषधवाल्याने ढगांना लॅटिन नावं दिली, त्यात गुबगुबीत ढगाला नाव दिलं क्युम्युलस, म्हणजे ढीगच.
(उशीचा अभ्रा यातला नाही हो, तो फारसी अबरा, वरचं कापड. सौ. विचारत होत्या म्हणून लिहिलं.)

कुडाळ_ते_करी_रोड:
आजोबा, आमच्याकडे याच्या पुढचा प्रकार आहे. मराठीत मळभ म्हणजे ती कोंदट ढगाळ हवा ना, पाऊस पडत नाही, ऊन पडत नाही, घाम तेवढा येतो. पण कोकणीत मळब म्हणजे डायरेक्ट आकाश. आजी "मळब इला" म्हणायची तेव्हा कोकमाच्या साली वाळत घातलेल्या त्या धावत जाऊन सुपात भरायच्या. मुंबईला आल्यावर शाळेत मी निबंधात "निळं मळब" लिहिलं, बाईंनी लाल पेनाने गोल काढला होता.

कलिना_१४_नंबर:
आजोबा तुमचं सगळं वाचायला गोड आहे पण बांधावरचा ढग वेगळा आणि कुर्ला स्टेशनवरचा वेगळा. २६ जुलै २००५ ला मी कलिन्याला होतो, दुपारी दोनच्या सुमारास इतका काळोख केला की ऑफिसातल्या ट्यूबलाइट लावल्या आणि त्यानंतर मी घरी पोचलो दुसऱ्या दिवशी अकराला, छातीएवढ्या पाण्यात समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून चाललोय, पुढचा माणूस ओरडायचा "गटार, गटार" आणि मागे सगळ्यांनी ते पास करायचं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४, म्हणजे फोर्टातली माणसं फोनवर विचारत होती एवढं काय झालं. तेव्हापासून काळं झालं की बायको पहिलं मोबाइल चार्जिंगला लावते. द म्हणजे देणारा, हो, पण किती द्यायचं ते कळायला नको?
आणि त्या दिवसापासून कुठे तासभर जोरात पडला की चॅनेलवाले ढगफुटी म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबात वीस-तीस चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तासाला १०० मिलिमीटर पडला तर ढगफुटी. ढग काही पिशवी नाही फुटायला, पण शब्द असा आहे की डोळ्यासमोर पिशवीच येते.

मुगभाटातले_आजोबा:
मान्य. मी त्या दिवशी गिरगावात कोरडा होतो, त्यामुळे बोलत नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
क्लाउड आमचा विषय म्हणून मध्ये पडतो. हे नाव आलं आकृत्यांमधून, नेटवर्कवाले कागदावर आपली मशीन नीट चौकोनात काढायचे आणि पलीकडचं जे जाळं आहे, ज्याच्या आत काय चाललंय ते दाखवायची गरज नाही, तिथे एक ढग काढून मोकळे व्हायचे. २००६ च्या आसपास ते नाव धंद्याला चिकटलं. म्हणजे मूळ अर्थ "इथून आत बघू नका" असा आहे, हलकंफुलकं तरंगणारं असा नाही.
आता आत काय असतं ते सांगतो, मी आतच बसतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एमआयडीसीत बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती दिसतात ना, तो तुमचा क्लाउड. मे महिन्यात बाहेर घामाने शर्ट चिकटलेला आणि आत थंड हवेच्या गल्लीत मी जर्किन घालून, कॉम्प्युटर रचून ठेवलेल्या त्याच रॅकच्या मागच्या गल्लीत गेलं की पंख्यातून अशी गरम हवा तोंडावर येते की जणू भट्टीचं दार उघडलं. आवाज इतका की शेजारच्याशी खुणेने बोलायचं. बाहेर डिझेलचे जनरेटर, ते दर काही दिवसांनी चालू करून बघायचे. आणि हे सगळं जगाशी जोडलेलं कशाने, तर समुद्राच्या तळाने येऊन वर्सोव्याला जमिनीवर चढणाऱ्या केबलींनी, म्हणजे माशांच्या खालून येणाऱ्या वस्तूला ढग म्हणतो आपण.
आमचे एक सीनियर आहेत, ते लोकांना समजावताना लॉकर म्हणतात, दुसऱ्याच्या बँकेतला लॉकर, भाडं भरायचं आणि किल्ली सांभाळायची. पण सबटायटलमध्ये क्लाउडच ठेवा ताई, लॉकर म्हटलं तर पुढच्या सीनमध्ये कुणीतरी ड्रिल घेऊन येईल असं वाटेल.
जाता जाता, खरा ढगही काही हलका नसतो बरं का. किलोमीटरभर लांब रुंद उंच असा साधा कापशी ढग धरला तर त्यात साधारण ५०० टन पाणी असतं. थेंब इतके बारीक की पडत नाहीत, एवढंच.

बोरिवली_फास्ट:
५०० टन डोक्यावर घेऊन आम्ही रोज ८.१२ पकडतो तर 😅

दादर_स्लो:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, फाइल आज गेली. भोवरा घेतला, ठेंगणं आभाळ घेतलं, क्लाउड तसाच ठेवला. म्हातारीच्या डोळ्यांपाशी रात्री साडेअकरापर्यंत अडले होते, धूसर, अंधुक, धुरकट, गढूळ सगळं लिहून खोडलं. शेवटी आईलाच विचारलं, तिचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. म्हटलं तुला तेव्हा नक्की कसं दिसायचं? भांडी पुसता पुसता म्हणाली, "काही नाही गं, सकाळपासून मळभ आल्यासारखं. लाइट लावला तरी जाईना."
तेच टाकलं. दोन ओळींत बसलं.

कुडाळ_ते_करी_रोड:
आईंना नमस्कार सांगा. बाईंना पण दाखवायला पाहिजे होतं हे.