ओल्या कचऱ्यातील अळ्या कोणत्या माशीच्या, हे अंगावरून कसे ओळखावे?

मुलुंडकर
आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत ड्रममध्ये तयार केले जाते आणि दोन वर्षांपासून त्याची देखरेख माझ्याकडे आहे. पाऊस सुरू झाल्यापासून ड्रममध्ये दोन प्रकारच्या अळ्या दिसत आहेत. पहिली पांढरट आणि मऊ असून एका टोकाला निमुळती, तर दुसऱ्या टोकाला सुरीने कापल्यासारखी सपाट आहे. त्या सपाट टोकावर दोन गडद ठिपके आहेत, ते तिचे डोळे असावेत. दुसरी तपकिरी, चपटी आणि हाताला चिवट लागणारी असून सकाळी ड्रममधून निघून पार जिन्यापर्यंत पोहोचलेली असते. ड्रममध्ये फिनेल ओतावे असा रहिवाशांचा आग्रह आहे, परंतु त्याआधी या अळ्या कोणाच्या आहेत हे मला कळायला हवे. माझ्याकडे भिंग आणि मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स आहे.

जीवशास्त्र शिक्षिका, दादर
आपण ज्यांना डोळे समजत आहात ती पांढऱ्या अळीची श्वासरंध्रे आहेत. सपाट टोक ही तिची मागची बाजू आणि निमुळते टोक हे तोंड. ही गल्लत माझे विद्यार्थी दर वर्षी करतात आणि ती दूर झाली की अर्धे काम झाले, कारण या अळ्यांची ओळख तोंडापेक्षा मागच्या टोकावर अधिक स्पष्ट लिहिलेली असते.

आधी पाय पाहावेत. सुरवंटाला आणि हुमणीला पुढच्या भागात सांधे असलेल्या पायांच्या तीन जोड्या असतात, माशीच्या अळीला मात्र खरे पाय नसतात. पांढऱ्या अळीला वेगळे दिसणारे डोकेही नाही. निमुळत्या टोकाच्या त्वचेखाली एक काळा आकडा मागेपुढे सरकताना दिसेल, त्यानेच ती अन्न खरवडते. त्यानंतर अळी गरम पाण्यात काही क्षण बुडवावी, म्हणजे ती ताठ होते, आणि मागच्या टोकाचा समोरून फोटो घ्यावा. प्रत्येक ठिपक्यात बारीक चिरा असतात. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या चकतीत तीन नागमोडी चिरा असतील तर ती घरमाशी. चिरा सरळ आणि तिरक्या असतील तर बहुधा मासळीबाजारात दिसणारी निळी-हिरवी माशी. आणि ठिपके खोल खळग्यात दडलेले असतील तर मांसमाशी, जी अंड्यांऐवजी थेट अळ्याच सोडते.

गच्चीवरची बाग, ठाणे
तपकिरी अळी वर्णनावरून ब्लॅक सोल्जर फ्लायची वाटते. तिचे लहानसे कठीण डोके स्पष्ट दिसते, अंगावर ठळक वळ्या असतात आणि त्वचेत कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे ती खरखरीत लागते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे दोन सेंटिमीटर भरते. मग ती गडद होते, खाणे सोडते आणि कोषासाठी कोरडी जागा शोधत बाहेर पडते, म्हणूनच ती आपल्या जिन्यावर येते. कृपया फिनेल ओतू नका. ही माशी चावत नाही, तिची अळी ओला कचरा झपाट्याने संपवते, आणि फिनेलने खत करणारे जिवाणूही मरतील. ड्रमभोवती कोरड्या भुशाची पेटी ठेवली तर अळ्या तिथेच थांबतील.

किडेनिरीक्षक
शिक्षिकाबाईंच्या उत्तरात एक भर घालतो. तीन चिरा केवळ तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतील अळीत असतात. दुसऱ्या अवस्थेत त्या दोनच असतात. त्यामुळे सर्वांत मोठ्या अळ्या निवडाव्यात, अन्यथा आकाराची तुलना फसते. तरीही शंका उरली तर काही अळ्या जिवंत ठेवून माशी बाहेर येईपर्यंत थांबणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

मुलुंडकर
सर्वांचे मनापासून आभार. आज आठ मोठ्या पांढऱ्या अळ्या तपासल्या. सहांमध्ये नागमोडी चिरा स्वच्छ दिसल्या, म्हणून उद्यापासून ताज्या कचऱ्यावर सुक्या पानांचा जाड थर टाकण्याचे ठरवले आहे. उरलेल्या दोघींचे ठिपके खळग्यात इतके आत होते की कड बोटाने ताणल्यावरच दिसले, आणि चौकशी केल्यावर कळले की कोणीतरी ड्रममध्ये कोळंबीची सालेही टाकली होती. तशाच दिसणाऱ्या आणखी तीन अळ्या सालांच्या तुकड्यासह कोरड्या मातीच्या बरणीत ठेवून वर मलमलीचे कापड बांधले आहे. माशी बाहेर आली की फोटो येथे देईन. तपकिरी अळ्यांसाठी भुशाची पेटी आजच ठेवली.