अनुभव धागा: खान्देशातल्या घरांत पटावरचे नवे खेळ

पत्ते, सोंगट्या, कॅरम यांच्या पलीकडचे बोर्ड गेम आता आपल्याकडेही बऱ्याच घरांत पोचलेत. सुटीला येणारी भाचरं पुण्याहून बॅगेत घालून आणतात, कोणी ऑनलाइन मागवतं. त्यांची परीक्षणं शोधायला गेलं की बहुतेक सगळी इंग्रजीत, आणि लिहिणारा चार मोठ्या माणसांबरोबर टेबलाशी बसून खेळलेला. बोर्डगेमगीक हे संकेतस्थळ २००० सालापासून आहे. तिथे खेळाला १ ते १० गुण देतात, शिवाय तो किती अवघड हे सांगणारा १ ते ५ असा आकडा असतो. मीही तिथे नेमाने गुण देतो. पण चटईवर बसलोय, मांडीवर पुतण्या आहे आणि समोर इंग्रजी न वाचणारी आजी आहे, अशा वेळी हा खेळ चालेल का, ते त्या आकड्यातून कळत नाही.

म्हणून हा धागा. कोणता खेळ, कोणाबरोबर, कुठे अडलं, कुठे रंगलं ते लिहा. नुसतं ‘मस्त आहे’ नको. आधी घर येऊ द्या, मग खेळ. सुरुवात मी करतो.

जळगाव, धागाकर्ता

कटान. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने १९९५ साली आणलेला खेळ. त्याच वर्षी त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. बेटावर १९ षट्कोन असतात: लाकूड, मेंढ्या आणि धान्य यांचे चार-चार, वीट आणि खनिजाचे तीन-तीन, एक वाळवंट. दोन फासे टाकायचे. जो आकडा पडेल तो ज्या षट्कोनावर असेल, त्याला लागून ज्याची वस्ती, त्याला तो माल. आधी १० गुण करील तो जिंकला.

आमच्या अण्णांची हयात केळीच्या सौद्यांत गेली. त्यांना मी फाशांचं गणित समजावून सांगितलं. एकूण ३६ जोड्या, सात सहा प्रकारे पडतो, सहा आणि आठ पाच-पाच प्रकारे, दोन आणि बारा एकेकदाच. अण्णांनी सगळं नीट ऐकलं आणि पहिली वस्ती टाकली ती विटेच्या कडेला, तिथला आकडा हलका असूनही. म्हणाले, “जो माल कोनाजोडे नही, तो आपन धरी ठेवाना.” अर्ध्या डावात रस्ते सगळ्यांचेच खोळंबले आणि अण्णांच्या विटेला तीन गिऱ्हाइकं उभी राहिली. “मना जोडे दोन मेंढ्या शेतस, ईट कोन देस?” असा पुकारा आमच्या ओसरीवर झाला, तेव्हा हा खेळ याच घरासाठी केलाय असं मला वाटलं.

माझं मत: कटानचा जीव सौद्यात आहे. गप्प बसणारी माणसं असतील तर तो आणू नका. आणि सात पडला की सातापेक्षा जास्त पत्ते धरलेल्याला निम्मे टाकावे लागतात. लहान मुलांना ते फार लागतं. आठ वर्षांच्या आतलं पोर असेल तर पहिल्या डावात हा नियम ठेवू नका.

भुसावळ, रेल्वे कॉलनी

आमच्याकडे ‘तिकिट टू राइड’. ॲलन मून यांचा, २००४ चा. मूळ पट अमेरिकेचा. प्रत्येकाला ४५ डबे, रंगाचे पत्ते जमवून दोन गावांमधला मार्ग धरायचा आणि हातातल्या तिकिटांची गावं जोडायची. वडील गार्ड म्हणून निवृत्त झाले. दुलुथ आणि एल पासो ही नावं त्यांना नवी होती, पण पट पाहिल्यावर त्यांनी तिकिटं बाजूला ठेवली आणि कोणत्या गावातून किती फाटे फुटतात ते आधी बोटाने मोजलं. भुसावळला एक लाइन नागपूरकडे जाते, एक खंडव्यावरून इटारसीकडे. हे ज्याच्या अंगात मुरलंय तो आधी जंक्शन धरणारच. नातवंडं मात्र लांब मार्गांच्या मागे, कारण एका डब्याला १ गुण आणि सलग सहा डब्यांना १५. दोन्ही पद्धतींनी जिंकता येतं, हे या खेळाचं मोठेपण.

२०११ साली भारताचाही पट निघाला, तो मागवलाय. त्याला मूळ खेळातले डबे आणि पत्ते लागतात, हे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

एक गोष्ट खटकते. कोणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की प्रत्येकाला शेवटची एकच चाल मिळते. डाव असा एकदम संपतो आणि पुरं न झालेल्या तिकिटाचे गुण वजा होतात. वडिलांना ते रुचतं (“गाडी कोणासाठी थांबत नाही”), पण मुलीचे डोळे भरून येतात.

चोपडा, शेती

मी ॲग्रिकोलाबद्दल लिहितो, कारण त्यावर शेतकऱ्याने लिहिलेलं कुठे वाचलं नाही. उवे रोझेनबर्ग यांचा २००७ चा खेळ. नवरा-बायको, लाकडी दोन खोल्या आणि बाकी सगळं पडीक. एकूण १४ फेऱ्या, त्यात सहा हंगाम. प्रत्येक हंगामाला माणशी दोन अन्न द्यायचं. कमी पडलं की भिकेचं कार्ड येतं, त्याचे तीन गुण वजा. शेवटी जितकी जागा पडीक राहील तितके गुण आणखी वजा.

खेळताना माझं बोट पेरणीवर अडलं. धान्याचा एक दाणा वावरात ठेवला की साठ्यातून दोन मिळतात, असे तीन होतात आणि दर हंगामाला एक काढायचा. भाजीचा एक ठेवला तर एकच वर मिळतो. इतकं साधं आहे, पण घरात तिसरं माणूस आलं की लगेच गणित बदलतं, कारण हात वाढले तसं खाणारं तोंडही वाढलं. पहिले चार हंगाम सगळी धावपळ खावटीसाठी, शेत वाढवायला सवड मिळतच नाही. ते इतकं खरं आहे की माझी बायको दुसऱ्या हंगामाला म्हणाली, “हे तर आपलं जून महिन्यातलं घर.”

उणीव सांगतो. या शेतात पाऊस ओढ देत नाही आणि मालाचा भाव पडत नाही. कापूस घरात भरून ठेवून भावाची वाट पाहिलेल्या माणसाला ही कमतरता जाणवते. तरी माझ्याकडच्या खेळांत मी याला सगळ्यात वर ठेवतो. वेळ मात्र भरपूर लागतो, रात्री जेवणं झाल्यावर मांडू नका.

धुळे, शिक्षिका

कोडनेम्स हा व्लादा ख्वातिल यांचा २०१५ चा खेळ. पेटीतले शब्द इंग्रजी, त्यामुळे आमच्या घरच्या बायका लांब बसायच्या. मग मी जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूवर अहिराणी शब्द लिहिले: इहीर, वावर, आंडोर, आंडेर, झोका, चुल्हा, गौराई, माहेर, सासर. नियम तेच. २५ शब्द मांडायचे. सुरुवात करणाऱ्या गटाचे ९, दुसऱ्याचे ८, कोणाचेच नाहीत असे ७, आणि एक घातकी शब्द, ज्याला हात लावला की डाव गेला.

मावशी सूचक होती, म्हणजे एक शब्द आणि एक आकडा एवढंच सांगून गटाला आपले तितके शब्द ओळखायला लावणारी. तिने सांगितलं, “आखाजी, तीन.” (आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया.) झोका लगेच उचलला गेला, गौराईही. तिसऱ्यासाठी माहेरावर बोट ठेवायचं होतं, पण थोरली जाऊबाई म्हणाली, आखाजीला आपण निघतो ते सासरहून. घातकी शब्द सासर होता. मावशीला बोलायची मुभा नाही, ती पदर तोंडाशी धरून बसलेली. धाकटीने माहेर उचललं आणि सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

या खेळाला मी दहापैकी दहा देते, पण शब्द आपले असतील तरच.

अमळनेर

मेमधल्या दुपारी बारा ते चार बाहेर पडायची सोय नसते, आमचे सगळे डाव तेव्हाच. कूलर समोर असेल तर पत्ते उडतात आणि दमट हवेने आठवड्यात फुगतात. कूलर पाठीमागे ठेवा आणि पत्त्यांना प्लॅस्टिकचे स्लीव्ह, म्हणजे पारदर्शक खोळी, घाला. घेण्याआधी पत्ता मापा, ६३.५ बाय ८८ मिलिमीटर हे माप बऱ्याच खेळांना चालतं. शेव-मुरमुऱ्याचं ताट पटापासून लांब. तेलकट बोट लागलेला पत्ता पाठीमागून ओळखू येतो, मग डावात राम राहत नाही.

नंदुरबार

पक्षी पाहायची आवड असेल तर विंगस्पॅन घ्या. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा, २०१९ चा. मूळ पेटीत १७० पक्षी, प्रत्येकाचं घरटं, खाणं, पंखांचा पसारा कार्डावर छापलेला. आपल्या शहाद्याजवळ १९९७ साली वनपिंगळा ११३ वर्षांनंतर पुन्हा सापडला, त्या मुलखातली मुलं हा खेळ फार मन लावून खेळतात. माझा भाचा कार्ड हातात आलं की गुण बघायच्या आधी घरटं बघतो. इंग्रजी मजकूर बराच आहे, मोठं माणूस शेजारी लागतं.

जळगाव, धागाकर्ता

एकांनी विचारलंय की आखाजीला घर भरलेलं असतं, पत्त्यांच्या जोडीला पहिला खेळ कोणता आणावा. माझं उत्तर कार्कासोन. क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा, २००० चा. ७२ चौकटी, त्यांवर वाचायला एक अक्षर नाही. रस्त्याला रस्ता, तटाला तट जुळवत नकाशा वाढवायचा आणि आपली लाकडी माणसं त्यावर उभी करायची. लपवायचं काही नसल्याने मागे बसलेली आजीही ‘तिथे लाव’ म्हणू शकते, आणि आमच्याकडे ती म्हणतेच. दोघांपासून पाच जण खेळतात, चटईवर जागा मात्र मोकळी ठेवा, नकाशा कुठे पसरेल ते आधी कळत नाही. नियमांत माणूस शेतात आडवा ठेवायचा एक भाग आहे, त्याची मोजणी शेवटी होते आणि ती किचकट आहे. पहिल्या डावात तेवढा गाळा, दुसऱ्या दिवशी घाला.