कॉलिन काउंटीत "डोळे झाकून या" म्हणणाऱ्यांसाठी

रानजाई_प्लेनो
परवा ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. कॉलिन काउंटी, टेक्सास, म्हणजे डॅलसच्या उत्तरेचा जिल्हा; प्लेनो, फ्रिस्को, मॅककिनी ही त्यातलीच गावं. 2010 ला 7,82,341 लोक, 2020 ला 10,64,465, आता बारा लाखांच्या वर, घरटी उत्पन्न लाख डॉलरच्या पुढे, टोयोटाचं हेडऑफिस कॅलिफोर्नियातून प्लेनोत आलं, राज्याचा इन्कम टॅक्स नाही, सहा माणसांत एक आशियाई, फ्रिस्कोत हनुमानाचं देऊळ, तेव्हा डोळे झाकून या आणि घर घ्या. आकडे खोटे नाहीत, पण मी 2004 पासून प्लेनोत राहते आणि ते "डोळे झाकून" वाचून डोकं तापलं माझं. काउंटी वाढतेय म्हणता ना, मग प्लेनो आयएसडीने, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने, 2025 ला चार शाळा का बंद केल्या? पोरंच नाहीत म्हणून. माझी मुलगी जिथे पाचवीपर्यंत शिकली ती त्यातलीच एक. शेवटच्या आठवड्यात गेले होते, लायब्ररीतली पुस्तकं खोक्यांत भरत होते आणि तिच्या जुन्या टीचर दारात उभ्या राहून रडत होत्या. त्या बाई रोज पार दुसऱ्या काउंटीतल्या शर्मनहून गाडी मारत यायच्या, कारण शिकवायच्या पगारात इथं घर मिळत नाही. लाख डॉलरच्या आकड्यात त्या बाई कुठे बसतात ते मला कुणीतरी सांगा. आमच्या गल्लीत पोरं कॉलेजला गेलेली जोडपी घरं धरून बसलीत, तीन टक्क्यांचं लोन कोण सोडणार, आणि तरुण जोडपी सरळ सेलिना नाहीतर प्रिन्स्टनला जातात. वाढ काउंटीच्या कडेकडेला चाललीय, जुनं गाव म्हातारं होतंय.

मॅककिनीकर
ताई, दुःख समजलं, पण एका शाळेवरून अख्ख्या काउंटीला नावं ठेवू नका. मी 2016 ला न्यू जर्सीहून आलो, तिथे दोन बेडरूमच्या घराला जेवढं देत होतो त्यात इथे चार बेडरूम आणि मागे अंगण मिळालं. बायकोला पाच महिन्यांत नोकरी लागली. 1990 ला फ्रिस्को सहा हजारांचं गाव होतं, 2020 ला दोन लाख! लोक वेडे म्हणून येतात का? शाळा एकीकडे बंद होतात आणि दुसरीकडे नव्या उघडतात, शहरं अशीच सरकतात.

रानजाई_प्लेनो
"सरकतात" म्हणायला सोपं आहे. प्रिन्स्टन बघा. 2010 ला सात हजारांच्या आत, 2024 ला सदतीस हजार, देशात सगळ्यात वेगाने वाढलेलं शहर म्हणून जनगणना खात्यानेच जाहीर केलं. आणि त्याच प्रिन्स्टनने त्याआधीच नव्या घरांच्या परवानग्या थांबवल्या होत्या, कारण रस्ते, पाणी, पोलीस पुरेना. घरं आधी बांधायची, रस्ता नंतर बघायचा, आणि संध्याकाळी हायवे 380 वर सगळ्यांनी तासतासभर उभं राहायचं. हा हिशोब त्या पोस्टमध्ये नाही.

टॅक्सत्रस्त
इन्कम टॅक्स नाही हे ऐकून ऐकून कान किटले. प्रॉपर्टी टॅक्स कोण भरतो मग? दर एप्रिलला अप्रेझलचं, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत ठरवल्याचं, पत्र आलं की पोटात गोळा येतो, मग 15 मेच्या आत प्रोटेस्ट करा, शेजारपाजारच्या घरांचे भाव जमवा, फोटो काढा. होमस्टेड, म्हणजे स्वतःचं राहतं घर, असेल तर टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, एवढी मर्यादा तरी आहे. भाड्याने राहणाऱ्याला काहीच नाही, घरमालक सगळं भाड्यात घालतो. मी सहा वर्षं भाड्याने होतो, भाडं एकदाही कमी झालं नाही.

मॅककिनीकर
शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून वजा होणारी होमस्टेडची सूट 2023 ला 40 हजार डॉलरवरून लाखावर नेली आणि 2025 ला 1 लाख 40 हजार केली, हे पण सांगा की. नुसतं रडगाणं.

यवतमाळचा_माणूस
मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही सगळे घराबद्दल बोलताय, घराखालच्या मातीबद्दल कुणीच नाही. ही काळी जमीन आहे हो, आपल्या विदर्भातल्यासारखीच, इथंही पूर्वी कापूसच व्हायचा. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी आवळते की भेगा पडतात. त्यावर लोक दोन मजली घरं उचलून ठेवतात. माझ्या बेडरूमच्या दारावर ऑगस्टमध्ये कोपऱ्यातून तिरकी भेग गेली, आधी केसाएवढी, मग पेन्सिलचं टोक आत जाईल एवढी, आणि दार लागेना. बिल्डरला फोन केला तर म्हणे हे नॉर्मल सेटलिंग आहे.

टॅक्सत्रस्त
आमच्याकडे पण!! पियर्स, म्हणजे घराच्या पायाखाली आधाराचे खांब, घालायचं कोटेशन आलं 14 हजार डॉलर.

बागवाली
सोकर होज, म्हणजे पाणी झिरपणारा पाइप, लावा. घरापासून फूट-दीड फुटावर, चारी बाजूंनी, उन्हाळ्यात हळूहळू पाणी सोडायचं म्हणजे माती आवळत नाही. आमच्या सासूबाई नगरहून आल्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, अगं आमच्याकडे प्यायला टँकर यायचा आणि तुम्ही घराच्या पायाला पाणी घालता?

मॅककिनीकर
मूळ विषय काय आणि चाललंय काय. फाउंडेशनसाठी वेगळा धागा काढा.

यवतमाळचा_माणूस
का काढायचा? हाच विषय आहे. बारा लाख लोक ज्या मातीवर आणून बसवले ती माती चर्चेतून वगळायची? आणि पाणी कुठून येतं माहितीये? लव्हॉन तलावातून. 2013-14 च्या दुष्काळात तो तलाव खूप खाली गेला होता, बागेला पाणी घालायचे वार ठरवून दिले होते. 2023 पासून फॅनिन काउंटीतल्या नव्या बुआ डार्क तलावाचं पाणी आलं म्हणून जरा बरं. माझे वडील कोरडवाहू शेतकरी, विहीर आटली की काय होतं ते मी लहानपणी बघितलंय. माणसं किती वाढली हे मोजताना पाणी किती हे मोजायचंच नाही का?

मॅककिनीकर
तुम्ही भीती पसरवताय. आत ताणलेल्या केबल असलेले पोस्ट-टेन्शन स्लॅब कशासाठी असतात? माझ्या घराला नऊ वर्षांत एक भेग नाही. तुमचा बिल्डर वाईट निघाला म्हणून अख्ख्या काउंटीची जमीन वाईट ठरत नाही.

यवतमाळचा_माणूस
जमीन वाईट कोण म्हणालं? काळी माती आमची आई आहे. तिच्यावर घर बांधायची रीत चुकतेय म्हणतोय. नीट वाचा आणि मग बोला.

नवीन_दाम्पत्य
मध्ये बोलते, सॉरी. आम्ही फ्रिस्कोत आहोत, नवरा एच-1बी वर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर. फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली, दुसरी नोकरी शोधायला 60 दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. घर घेऊन वर्षही झालं नव्हतं. लाख डॉलरवाल्या आकड्यात आम्ही पण होतो. सत्तावन्नाव्या दिवशी नवीन कंपनीने कागद भरले. त्या दोन महिन्यांत मी सगळ्या भांड्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, कुठलं विकायचं आणि कुठलं न्यायचं. इथली किती घरं अशा व्हिसावर उभी आहेत, ते कुठल्या पोस्टमध्ये येत नाही.

मॅककिनीकर
हे वाईट झालं. मी पण आठ वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत आहे, त्यामुळे यावर वाद घालणार नाही.

आईचा_मुलगा
आणि आईवडिलांचं काय? माझी आई सहा महिन्यांसाठी येते. प्लेनोत निदान डार्टची, म्हणजे डॅलसच्या सार्वजनिक वाहतुकीची, ट्रेन आहे, आमचं अ‍ॅलन डार्टमध्येच नाही, मॅककिनी, फ्रिस्को पण नाहीत. दादरला एकटी भाजी आणणारी बाई इथे खिडकीशी बसून माझी गाडी कधी येते बघते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेली एकदा, फूटपाथ मध्येच संपला, एका बाईने गाडी थांबवून विचारलं, तुम्ही हरवलात का.

बागवाली
हे वाचून गलबलून आलं. मंगळवारी सकाळी आम्ही सात-आठ जणी देवळात भजनाला असतो, त्यांना पाठवा, मी न्यायला येते.

मॅककिनीकर
रानजाईताई, एवढं मान्य करतो, घर घेताना मी शाळेचं रेटिंग बघितलं, पटसंख्या बघितली नाही. मॅककिनीतही तीन शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा मला धक्का बसला होता. पण मी इथून जाणार नाही आणि आलो याचा पश्चात्तापही नाही.

रानजाई_प्लेनो
जा म्हणतंय कोण? मीही कुठे जाणार नाही. माझं म्हणणं एवढंच की नव्याने येणाऱ्याला हे पण सांगा. यवतमाळदादा, तुमचं वाचून घरभर फिरून आले, जेवणघराच्या खिडकीखाली एक भेग सापडली. वाढतेय की जुनीच आहे कसं कळतं?

यवतमाळचा_माणूस
दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. पाऊस पडल्यावर बघा, मग ऑगस्टच्या शेवटी परत बघा. रेघेच्या पुढे गेली तर स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, पियर्स विकणाऱ्या कंपनीचा माणूस नको, तो पियर्सच सांगणार.