योगवर्ग जर्मनीला न्यायचाय, पण अणुभट्टी आडवी आलीय

सांगलीची_सुमन (धागाकर्ती):
मंडळी, सल्ला हवाय आणि थोडी भडासही काढायचीय. कोविडात घरच्या हॉलमधून झूमवर योगवर्ग सुरू केले. आज चार बॅचेस आहेत, त्यातली एक जर्मनीची. बहिणीच्या ओळखीतल्या मराठी बायका आणि त्यांच्या जर्मन शेजारणी. त्यांचे सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. आता तिकडे जाहिरात करून आणखी दोन बॅचेस काढायच्यात, शिवाय प्राणायामाचा रेकॉर्ड केलेला कोर्स विकायचाय.

भडास अशी. एक विद्यार्थिनी म्हणाली, बिल परवडत नाही म्हणून हीटिंग कमी ठेवतो, स्वेटर घालून सूर्यनमस्कार करतो. मी ग्रुपवर लिहिलं, "चांगल्या चालत्या अणुभट्ट्या बंद करून महागडी वीज घेत बसायचं, हे काही मला कळत नाही." दोघींनी त्याच संध्याकाळी ग्रुप सोडला. नवरा म्हणतो, गल्ल्यावर बसणाऱ्याने राजकारण बोलू नये. मला नाही पटत. श्वास शिकवते म्हणून मत गिळायचं का?

वाणसामान:
नवऱ्याचं बरोबर आहे. आमच्या आजोबांच्या दुकानात १९७७च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंची पत्रकं पुड्या बांधायला वापरली. कुणाला मत दिलं ते आजीलाही कळलं नाही.

नेकारकाठचा_पांडू:
ताई, मी जर्मनीतल्या नेकारवेस्टहाइमच्या अणुभट्टीपासून अर्ध्या तासावर राहतो, म्हणून थोडं लांबण लावतो. १५ एप्रिल २०२३ला शेवटच्या तीन बंद झाल्या: ईझार २, एम्सलांड आणि ही आमची. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की जपानातल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर चान्सलर मर्केलबाई घाबरल्या आणि बटण दाबलं. तसं नाही. अणुऊर्जा सोडायचा कायदा २००२चा, आधीचे चान्सलर श्रोडर यांच्या काळातला. मर्केल यांनी २०१०मध्ये मुदत वाढवली आणि २०११मध्ये स्वतःच फिरवली. त्याच्याही मागे जा. १९७५मध्ये ऱ्हाइनकाठच्या व्हील गावात द्राक्षं पिकवणारे शेतकरी भट्टीच्या जागेवर जाऊन बसले, आणि ती भट्टी कधीच झाली नाही. १९८६ला चेर्नोबिल झालं तेव्हा माझी घरमालकीण बाळंतीण होती. सांगते, मुलांना वाळूत खेळू देत नव्हतो, अळंबी बंद, ताजं दूध बंद. बव्हेरियात रानडुकराचं मांस विकायच्या आधी आजही किरणोत्सारी सीझियम तपासतात.

त्या बायकांना तुम्ही विजेचं बोललात असं वाटलंच नसेल. त्यांच्या लेखी तो आईच्या तोंडून ऐकलेला घरातला विषय आहे. आणि बिलाचं म्हणाल तर २०२२मध्ये त्या तिन्ही मिळून देशाची सहाएक टक्के वीज देत होत्या. भाव पेटले ते गॅसमुळे. २०२१मध्ये आयातीतला निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता. घरं तापतात मुख्यतः गॅसवर, भट्टीवर नाही.

कोराडी_निवृत्त:
पांडूभाऊ, टक्केवारीची पळवाट नका काढू. नागपूरच्या उन्हाळ्यात लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला चालू संच बंद करणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं वाटतं. आयुष्य औष्णिक केंद्रात गेलं, राख काय असते ते सांगू नका. गॅस आटल्यावर २०२२मध्ये तुमच्या सरकारने राखीव ठेवलेले कोळशाचे संच परत बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी धूर न सोडणाऱ्या भट्ट्या विझवल्या! डिसेंबर २०२४मध्ये वारा पडला, ऊन नाही, तेव्हा घाऊक बाजारात काही तास वीज भडकली, एकदा तर युनिटला ९० सेंटच्या वर गेली. शेजारच्या स्वीडनच्या मंत्रीणबाई उघड चिडल्या, कारण झळ त्यांनाही लागली. सुमनताई, तुम्ही लिहिलंत त्यात काय चुकलं?

नेकारकाठचा_पांडू:
काही तास, काका. वर्षाची निम्म्याहून जास्त वीज आज वारा-ऊन-पाण्यासारख्या स्रोतांतून येते, ते का नाही सांगत? माझ्या गॅलरीत ८०० वॅटचं सौर किट आहे, कठड्याला टांगलेलं. भाडेकरूसुद्धा लावतो.

कोराडी_निवृत्त:
जानेवारीत किती युनिट देतं ते किट?

नेकारकाठचा_पांडू:
जानेवारीचं नका विचारू.

राजापूरची_खाडी:
दोघांचंही वाचलं. आमच्याकडे माडबनला भट्ट्या यायच्या आहेत. जैतापूर म्हणतात, सहा संच, दहाएक हजार मेगावॉट. २०१०मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला, एप्रिल २०११मध्ये साखरी नाटे गावात गोळीबारात एक माणूस गेला, आणि आजवर एक युनिट वीज निघालेली नाही. समुद्रात गरम पाणी सोडणार म्हटल्यावर मच्छीमाराने काय करायचं, याचं उत्तर मुंबईत एसी लावून बसलेला देतो. सुमनताईंना मत असावं, जरूर असावं. पण भट्टी सांगलीत येणार असती तर वाक्य हेच असतं का, तेवढं विचारते. आणि काका, उलटंही आहे. तारापूर १९६९पासून चालू आहे, त्या विजेवर आम्हीही पंखे लावले. म्हणून मी कुणाला मूर्ख म्हणत नाही.

बेरीज_वजाबाकी:
भट्टी जरा बाजूला ठेवता का? मूळ प्रश्न धंद्याचा होता. मी सीए आहे.

ताई, तुमच्या मराठी बायका फी एनआरओ खात्यातून (परदेशस्थ भारतीयाचं इथलं रुपयातलं खातं) गुगल पेने देत असतील. ते थांबवा. सेवा निर्यात ठरायला पैसा परकी चलनात यावा लागतो (रुपयात रिझर्व्ह बँकेची मुभा असेल तेवढ्यापुरताच), आणि बँकेचा तसा दाखला जपून ठेवा. उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरा, नाहीतर आधी कर भरून मग परताव्यामागे धावत बसाल.

खरी मेख रेकॉर्ड केलेल्या कोर्सची. युरोपीय संघातल्या छोट्या विक्रेत्याला १०,००० युरोपर्यंत सवलत आहे, ती बाहेरच्याला नाही. पहिल्या विक्रीपासून ग्राहकाच्या देशाचा व्हॅट, जर्मनीत १९ टक्के. कुठल्याही एका सदस्य देशात एकत्रित नोंदणी करून सगळीकडचा भरता येतो, पण तिमाही विवरणपत्रं आलीच. लाइव्ह ऑनलाइन वर्गांनाही जानेवारी २०२५पासून ग्राहक राहतो तिथला नियम लागू झालाय, तेव्हा तिकडच्या कर सल्लागाराला तासाभराची फी द्याच.

जाहिरातीत "मधुमेह बरा होतो" असलं काही लिहू नका. आपल्याकडे असल्या जाहिरातींविरुद्ध १९५४चा कायदा आहे, तिकडेही कडक आहे. आणि नाव घालताना गुडघा, बीपी, गरोदरपण विचारणारा तुमचा गुगल फॉर्म? त्यांच्या कायद्यात ती आरोग्याची माहिती, विशेष जपायची. लेखी संमती घ्या. दोघी मत वाचून गेल्या ते परवडलं, तिसरी या फॉर्मवरून तक्रार करेल ते नाही परवडणार.

वाणसामान:
तिकडे आरोग्य विमा योगवर्गाची फी परत देतो असं भाचा म्हणतो. खरं का?

नेकारकाठचा_पांडू:
काही भाग देतो, पण शिक्षक आणि कोर्स त्यांच्या तपासणीतून पास व्हावा लागतो. आपल्याकडचं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माझ्या बायकोने म्हणूनच इथल्या बाईंकडे वर्ग लावलाय, सुमनताई, राग मानू नका.

सांगलीची_सुमन:
राग कसला. रेकॉर्डिंगचं तूर्त रद्द, एकच बॅच वाढवते. फॉर्म आत्ता उघडून बघितला, त्यात "मासिक पाळी नियमित आहे का" असाही प्रश्न आहे. काढते.

खाडीताई, तुमचा प्रश्न लागला. सांगलीत भट्टी म्हटली असती तर मी आधी कृष्णेच्या पाण्याचं विचारलं असतं, हे कबूल. पण चालती भट्टी बंद करणं आणि नवी आणणं यात फरक आहे, आणि पहिल्याबद्दलचं मत मी मागे घेत नाही. ग्रुपवर मात्र पुन्हा लिहिणार नाही. इथे लिहीन. नवरा इथे नाही.

वाणसामान:
वहिनी, नवरा इथे नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?