पाळी जाता जाता जीव घाबरतो, कुणाला कशाने फरक पडला?

कोथरूडकरीण: वय ४९, पाळी तीन-चार महिन्यांनी येते. रात्री घामाघूम होऊन जाग, छातीत धडधड, परवा तर कर्वे रोडला सिग्नलवर स्कूटीवर बसल्या बसल्या रडूच आलं. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, होतं असं. काय करू?

सिंहगडरोडवाली: अगं सेम! आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन बघ, धडधड त्यानेही होते. मला गायनॅकने इस्ट्रोजेन जेल दिलं आणि गर्भाशय आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी, घाम कमी झाला पण घाबरणं राहिलंच, त्यासाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) केलं.

निवांत: बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झालेला म्हणून हार्मोन्स नाहीत, तिला कमी डोसमध्ये व्हेनलाफॅक्सिन (डिप्रेशनची गोळी, अशा घामावरही देतात) आहे. ती गोळी मनाने बंद करायची नाही हां.

कोथरूडकरीण: उद्याच रक्त देते. चहा पण सोडू?

सिंहगडरोडवाली: संध्याकाळचा सोड, सकाळचा कोण सोडतंय!