नाकागामीची मोटोजीपीतली सात वर्षं: कमावलेली की होंडाने दिलेली?

चौथा_गिअर (धागाकर्ता)
जपानी रायडर ताकाआकी नाकागामी २०१८ ते २०२४ सलग मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वात मोठ्या गटात, एलसीआर होंडा या होंडाच्या गाड्या चालवणाऱ्या खाजगी टीमच्या सीटवर होता. सात मोसम, पोडियम (पहिल्या तिघांत येणं) शून्य. चौथ्याच्या वर कधी गेलाच नाही. ती सीट इदेमित्सू या जपानी तेल कंपनीच्या पैशावर चालायची आणि तिथे आशियाई रायडरच बसवायचा हे काही गुपित नव्हतं. तो उतरल्यावर कोण आला? थायलंडचा सोमकियात चांत्रा. गडी स्पॅनिश किंवा इटालियन असता तर दोन वर्षांत हातात नारळ पडला असता, असं माझं स्पष्ट मत.

पावसाळी_टायर
साफ असहमत. १२५ सीसीच्या जागतिक मालिकेत दोन वर्षं काढून सीट गेली, तेव्हा पोरगा जपानला परत गेला. २०११ ला तिथली राष्ट्रीय जेजीपी२ मालिका जिंकली, मग मोटोटू, म्हणजे मोटोजीपीच्या खालचा गट. तिथे २०१६ ला असेनची आणि २०१७ ला सिल्व्हरस्टोनची शर्यत मारली. वशिल्याचा माणूस इतका वळसा घालून येत नाही हो.

चौथा_गिअर
मोटोटूबद्दल वाद नाहीच. पण त्याच्याच टीममधून क्रचलो २०१८ ला अर्जेंटिनाची शर्यत जिंकला. २०२३ ला रिन्स सुझुकीवरून त्याच टीममध्ये आला आणि होंडावरच्या तिसऱ्याच ग्रां प्रीत ऑस्टिन जिंकून मोकळा. नाकागामीला तेव्हा त्या गाडीवर सहावं वर्ष चालू होतं!

पावसाळी_टायर
क्रचलोला होंडा फॅक्टरीची ताजी गाडी, नाकागामीला आदल्या वर्षीची. ही तुलना कशी चालेल? आणि ऑस्टिननंतर रिन्सचं काय झालं तेही लिहा की: मुजेल्लोला पाय मोडला आणि पुढच्या वर्षी यामाहा गाठली.

कोल्हापुरी_क्लच
२०२० बद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. हेरेसच्या पहिल्या शर्यतीत होंडाच्या फॅक्टरी टीमचा मुख्य रायडर मार्क मार्केझ याचा हात मोडला. नाकागामीने मार्केझचा डेटा काढून बघितला, स्वतःची पद्धत बदलली आणि पुढच्याच आठवड्यात त्याच ट्रॅकवर चौथा आला. जुन्या, २०१९ च्या गाडीवर! मोसमाच्या शेवटी एकूण दहावा, होंडाच्या सगळ्या रायडरांत पहिला.

पण त्याच वर्षी आरागोनचं जे झालं ते मला आजही सलतं. ऑक्टोबरमध्ये त्या ट्रॅकवर झालेली तेरुएल ग्रां प्री. पोल (सर्वात पुढून सुरुवात) मिळाला, तोही २००४ नंतर मोठ्या गटात जपानी रायडरला पहिल्यांदा. दिवे विझले, पहिलाच लॅप, पाचवं वळण, आणि गडी खडीत. मोर्बिदेल्ली आरामात जिंकला. त्या दिवशी गाडीचा दोष नव्हता, इदेमित्सूचाही नव्हता. मनावर ताबा राहिला नाही, बस्स. माझ्या मते त्याची कारकीर्द त्या वळणावर अडकली. सीट त्याने कमावलीच होती. पण २०२१ ला नवी गाडी मिळाल्यावर कामगिरी खाली आली, त्यानंतरची मुदतवाढ मात्र होंडाची मेहेरबानी.

चौथा_गिअर
म्हणजे अर्धा मुद्दा मान्य. चालेल 😄

पावसाळी_टायर
कसला मान्य! त्या वर्षांत अख्खी होंडाच बसली होती. २०२४ चा होंडाच्या रायडरांचा तक्ता काढा. झार्को ५५ गुण, नाकागामी ३१, मीर २१, मारिनी १४. शेवटचे दोघे फॅक्टरी टीमचे, आणि मीर तर २०२० चा जगज्जेता. मेहेरबानी नेमकी कुणावर चालली होती?

ओव्हरस्टिअर
मला दोघांचंही पटत नाही. २००४ ला तामादा मोतेगीत जिंकला, त्यानंतर मोठ्या गटात एकही जपानी जिंकलेला नाही. जगाला गाड्या पुरवणाऱ्या देशाची ही गत, त्याचं खापर एकट्या नाकागामीवर का? मुलं पंधराव्या वर्षी स्पेनला पाठवावी लागतात, खरी अडचण तिथे आहे.

चौथा_गिअर
मग होंडाने स्पेनमध्ये पोरं घडवायला पैसे ओतावेत, सीट राखून ठेवण्यात नव्हे. मी तरी वेगळं काय म्हणतोय?

पावसाळी_टायर
नाकागामी होंडाचा टेस्ट रायडर झाल्यावर २०२५ ला ल मान्सला वाइल्डकार्ड (एका शर्यतीपुरता पाहुणा) म्हणून आला आणि पावसात सहावा. राखीव सीट नव्हती तेव्हा.

चौथा_गिअर
पावसात बरेच पडले होते, साहेब. कोरड्यातला सहावा दाखवा, मग बोलू.